दातांनी ऐकलेली होडी

शिरवण बंदर समुद्राने गिळलं आणि शिरवणची माणसं घाट चढून जतच्या माळावर येऊन राहिली, ही गोष्ट एव्हाना सरकारदरबारी जुनी झाली होती. फक्त ती त्या माणसांच्या दातांना अजून कुणी कळवली नव्हती.

दिवसा कुणाकडे बघून काही कळलं नसतं. बाया द्राक्षांच्या पॅकिंगला जात, बापये सौरपट्ट्यांच्या शेतात धूळ पुसायला जात आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून माळाच्या जेवणाला नावं ठेवत. पण झोप लागली की अख्खी वसाहत दात खाऊ लागे. करकर, करकर. पलीकडच्या वाडीतले लोक थट्टेने म्हणत, दर्यावाल्यांकडं रातभर जातं फिरतं आणि सकाळी पीठ काय दिसत न्हाय. पीठ दिसत होतं, पण ते डॉक्टर बिराजदारांना. झिजून सपाट झालेल्या दाढा, उभे चिरलेले दात, सुजलेले जबडे. पोरांची तऱ्हा निराळी. इथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे इथे जन्मलेल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटले होते. पोरं दातांनी माळाची झाली होती आणि त्यांचे आजे दातांनी अजून शिरवणातच राहत होते.

मिताली कुबल ही बिराजदारांच्या दंतकेंद्रातली मदतनीस. पस्तिशी उलटलेली, अंगाने शिडशिडीत, तोंडाने फटकळ. इथे आल्यावर हे काम शिकली आणि चांगलं शिकली. घरी ती आणि तिची सासू सुगंधा, दोघीच. मितालीचा नवरा तुषार शेवटच्या वादळात अडकलेल्या माणसांना आणायला आपली होडी घेऊन खाडीबाहेर गेला होता. होडी परत आली. पाणी ओसरल्यावर तिवरांच्या जंगलात अडकलेली सापडली, तिच्यावर कुणी नव्हतं. सुगंधाने त्या दिवशी ती होडी हाताने चाचपून बघितली, आणि त्यानंतर तुषारचं नाव घरात सहसा काढलं नाही.

मितालीला एक खोड होती. घरात पाऊल टाकण्याआधी ती चपला काढून दाराच्या पायरीवर आपटायची. किनाऱ्यावरच्या घराघरांत ही रीत, नाहीतर अंथरुणापर्यंत रेव येते. इथे मैलोन् मैल रेव नव्हती, तरी चपला आपटल्याशिवाय तिचं पाऊल उंबरठ्याच्या आत पडत नसे.

"इलंस?" आतून सुगंधाचा आवाज येई.

"इलंय."

"हंय खंय गो रेव? माळार काय रेव असता? पायरी फोडतलंस एक दिवस."

हे रोजचं होतं. दोघींची माया असली तरी ती शब्दांत सापडायची नाही. दिवस चालायचे ते एकमेकींना टोचून बोलण्यावरच.

आणि आता सुगंधाला बोलणंही जड जाऊ लागलं होतं. जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता. डाव्या बाजूची दाढ दुभंगली होती. रत्नागिरीहून मामेभाऊ बर्फात घालून बांगडे पाठवायचा, आणि सुगंधा ते तळून मितालीच्या ताटात वाढायची आणि स्वतः पेज प्यायची. इथे आल्यावर दात होते तोवर मासे नव्हते. आता मासे मिळायची सोय झाली, तर चणे आहेत आणि दात नाहीत, अशी गत. अंगावरची साडी सैल होत चालली होती.

"वर्षभरात खालची एक दाढ राहायची नाही," बिराजदार म्हणाले होते. "कवळी बसवावी तर झोपेत ती कवळीही चावून मोडतील. आणि मावशी, ती मशेरी आधी सोडा."

"मशेरी सोडलंय तर तोंड धुतलासारा वाटणा नाय," सुगंधा दातांच्या फटीतून म्हणाली. "दात काय, जातले. वयच तसा."

मितालीची खरी अडचण वेगळीच होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती, बिराजदार सोडून. वाशीमकडे खाडीकाठच्या दुसऱ्या गावांची मोठी वसाहत होत होती, तिथल्या दंतकेंद्राची प्रमुख म्हणून तिला बोलावणं आलं होतं. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. असं काम पुन्हा चालून येणार नव्हतं, आणि तिला ते हवं होतं. तुषार गेल्यावर पहिल्यांदाच तिला काहीतरी हवंसं वाटत होतं. पण पेजेवर जगणाऱ्या, दिवसेंदिवस वाळत चाललेल्या बाईला टाकून जायचं कसं? सुगंधा नीट झोपू लागली, नीट खाऊ लागली, तरच जाता येणार होतं. त्या वाळत्या बाईच्या जबड्यात मितालीचं पुढचं आयुष्य अडकून बसलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

अशात केंद्रात पट्ट्या आल्या.

दिसायला साधी गोष्ट. दातांच्या मापाने केलेली पारदर्शक, मऊ पट्टी, रात्री खालच्या दातांवर चढवायची. झिजू नये म्हणून अशा पट्ट्या पूर्वीपासून होत्याच. ही नवी होती ती तिच्या पोटात दडवलेल्या कारागिरीमुळे. बिराजदारांनी कट्ट्यावर सगळ्यांना बसवून ती समजावून सांगितली.

"माणूस झोपेत दात खातो तो काही उगाच नाही," ते म्हणाले. "झोपेत मेंदू पहारा देत असतो. धोका आहेसं वाटलं की आधी मेंदू किंचित जागा होतो, मग छातीचे ठोके वाढतात, आणि त्यानंतर जबडा आवळतो. या सगळ्याला काही क्षण लागतात. ही पट्टी हिरडीतल्या रक्ताच्या ठोक्यावरून ओळखते, की आता जबडा आवळणार. आणि तो आवळायच्या आत ती एक आवाज करते."

"कानात?" कुणीतरी विचारलं.

"कानात नाही, दातात. दात हाडात रुतलेला, हाड कवटीचं, आणि ऐकण्याचं इंद्रिय त्याच कवटीत. सुपारी फोडताना आपल्याला केवढा मोठा आवाज येतो, शेजारच्याला येतो का? तसंच. शेजारी निजलेल्याला काही कळणार नाही, पण तुमच्या मेंदूला ऐकू जाईल. तो आवाज ओळखीचा, निर्धास्त करणारा असेल, तर पहारेकरी परत खाली बसतो आणि जबडा सैल पडतो."

"पण कसलो आवाज?"

"तोच तर प्रश्न आहे. तो पट्टी स्वतः शोधते. तिच्यात काही आवाज भरलेले असतात, शिवाय ती खोलीतलेही आवाज ऐकत राहते. ज्या आवाजाने जबडा सैल पडतो तो ठेवते, बाकीचे टाकते. मला विचारायचं नाही, तुम्हालाही विचारायचं नाही."

वसाहतीने तिला लगोलग नाव दिलं, गुणगुणी.

पहिल्या आठवड्यात गुणगुणीने वसाहतीची दाणादाण उडवली. बनवणाऱ्या शहाण्यांनी कुठेतरी वाचलं होतं की ही माणसं समुद्रकाठची आहेत, म्हणून त्यांनी प्रत्येक पट्टीत लाटांचा संथ आवाज भरून पाठवला होता. लाटांनी माणूस शांत होतो असं समुद्रावर सुटीला जाणाऱ्यांना वाटतं. इथे ज्यांच्या उंबऱ्यावरून लाट आत आली होती ती माणसं किंचाळत उठून पोरांना खांद्यावर घेऊन गच्चीकडे धावली. बिराजदारांनी कपाळाला हात लावला आणि मितालीने एकेक पट्टी उघडून लाटा पुसून टाकल्या.

त्यानंतर मात्र हळूहळू गुण येऊ लागला. ज्याचे त्याचे आवाज मिताली विचारून, शोधून भरत गेली आणि पट्ट्या निवडत गेल्या. कुणाच्या दातांना हिराच्या केरसुणीने अंगण झाडल्याचा आवाज मानवला, कुणाच्या दातांना तव्यावर घावन टाकल्याचा चर्रर्र. एका म्हाताऱ्याची पट्टी शेजाऱ्याच्या घोरण्यावर जाऊन थांबली, त्यावरून महिनाभर चेष्टा चालली. वसाहतीतला करकराट निवळत गेला.

सुगंधाचा तेवढा निवळला नाही. "तोंडात घोड्याचो लगाम कित्या घालतंस माज्या?" म्हणत तिने पट्टी घातली खरी, पण केरसुणी झाली, घावन झाले, देवळातली घंटा झाली, पाटावरवंटा झाला. पट्टी एकेक आवाज वाजवून टाकून देई आणि सकाळी आलेखावर जबड्याच्या रेषा उभ्या काट्यांसारख्या दिसत.

मितालीला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. ती ते टाळत होती.

शिरवणच्या बाया होडी खाडीत शिरेपर्यंत निजत नसत. आडव्या होत, डोळे मिटत, पण ती झोप नव्हे. मग लांबून इंजिनाचा आवाज येई. प्रत्येक होडीचं इंजिन वेगळं, आणि प्रत्येक घराला आपलं ओळखू येई. आपलं आलं की बाई कूस बदलायची आणि मग खरी निजायची. सुगंधाने आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या होडीवर जन्म काढला होता. होडी एकच, 'गजलक्ष्मी'. इंजिनही तेच.

आणि ते इंजिन कुठे होतं हे मितालीला ठाऊक होतं. होडीचं लाकूड खाडीतच कुजलं, पण इंजिन काढून माणसांबरोबर घाटावर आणलं होतं, आणि इथल्याच सिद्रामअण्णांनी ते विहिरीवर बसवलं होतं. ती त्या रस्त्याने जाणं टाळत असे.

एका रविवारी ती गेली. सिद्रामअण्णा विहिरीच्या काठावर बसून दाढी करत होते. तिने काय हवं ते सांगितलं, का हवं तेही सांगितलं. अण्णांनी अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड पुसलं.

"एवढंच व्हय? घ्या की. इंजान तुमचंच हाय, म्या निस्तं पाणी काढतोय."

"पंपाचा आवाज नको त्यात, अण्णा. पट्टा काढून नुसतं इंजिन चालवाल?"

अण्णांनी पंपाचा पट्टा उतरवला आणि हँडल मारलं. मितालीने आवाज टिपून घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही, अण्णांनीही दुसरीकडे बघायचं सौजन्य दाखवलं. घरी येऊन तिने तो आवाज पट्टीत भरला. सुगंधाला काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार, तुझ्या मेलेल्या मुलाची होडी तुझ्या तोंडात घालते म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा चुलीपाशी बसली होती, आणि तिच्या तळहातावर दाताचा एक कपचा होता. रात्री पट्टी असूनही दात फुटला होता.

मितालीने वाकून तो कपचा बघितला.

"सपनात दर्यो खवळललो," सुगंधा हळू आवाजात म्हणाली. "गजलक्ष्मी लाटेर चढत होती. पंखो पाण्याभायर. इंजान नुसता भणाणत होता."

एवढं म्हणून तिने तो कपचा चुलीत टाकला आणि पेजेचं भांडं उतरवलं. मितालीला तेव्हा उमगलं. होडी मोठ्या लाटेवर चढली की तिचा पंखा हवेत येतो. पाण्याचा भार नसला की इंजिन मोकळं भणभणतं, आणि तो आवाज ऐकून किनाऱ्यावरच्या बाया देव पाण्यात ठेवत. तिने पट्टा उतरवून घेतला होता. भाराशिवाय चालणारं इंजिन तिने रात्रभर सासूच्या दातांत वाजवलं होतं. कोळ्याच्या घरात नांदून हे आपल्याला सुचू नये, म्हणून तिने स्वतःला शिव्या दिल्या.

ती परत अण्णांकडे गेली. या वेळी पट्टा चढवायला लावला आणि पाणी पार वरच्या टाकीपर्यंत चढवायला सांगितलं. इंजिनावर भार आला तसा त्याचा सूर खाली उतरला. जड, दमदार, सावकाश. टोपल्या भरून होडी खाडीत शिरते तेव्हाचा.

"आता कसं, अंगात आल्यागत वाजतंय," अण्णा म्हणाले.

त्या रात्रीचा आलेख बिराजदारांनी दोनदा तपासला. काटे बसले होते. सुगंधा निजली होती.

मग दिवस भराभर सुधारले. जबड्याची सूज उतरली. गणपतीत सुगंधाने मोदक खाल्ला आणि दसऱ्याला बांगडा, तोही काट्यासकट चावून. ती बसून बांगडा खातेय हे बघत मिताली समोर नुसती बसून राहिली.

"काय गो, ताटाक नजर लावतंस?"

"लावतंय. पोट दुखांदे तुजा."

मितालीने वाशीमला होकार कळवला. सासूला मात्र सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करत दिवाळी तोंडावर आली.

आणि मग सुगंधा बदलली. ती पहाटे उठून पायरीवर बसू लागली. रस्त्याकडे बघत, गप्प. टोचून बोलणं बंद झालं, त्याने तर मिताली धास्तावलीच. एक दिवस माळ्यावरून मासळीची जुनी पाटी खाली आली. सुगंधाने ती घासून धुतली, उन्हात वाळवली, तुटलेली वीण नव्या काथ्याने बांधून काढली. शिरवणात होडी आली की पहाटे बाया हीच पाटी घेऊन बंदरावर जात.

मितालीला सगळं लख्ख दिसलं आणि ती हादरली. आपण या बाईला झोपेत रोज सांगत होतो की तुझा मुलगा आला. झोपेत तिला ते पटत होतं, आणि पहाटे उठून ती पाटी घेऊन त्याची वाट बघत होती. दात वाचवले आणि माणूस फसवलं. इंजिन काढलं तर दात जातील. ठेवलं तर ही बाई रोज पहाटे मुलाला नव्याने गमावत राहील. आणि हे असं ठेवून आपण वाशीमला चाललो होतो.

ती बिराजदारांकडे गेली. "डॉक्टर, मी जात नाही. आणि पट्टीतून इंजिन काढून टाकते. दात गेले तर मी पेज करून घालीन."

बिराजदारांनी तिने आणलेल्या डबीतून सुगंधाची पट्टी काढून यंत्रावर ठेवली. रोजचा आलेख तेवढाच बघायची सवय होती. कोणता आवाज वाजतो हे इतक्या दिवसांत कुणी उघडून बघितलं नव्हतं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"इंजिन काय काढणार? ते पट्टीने केव्हाच टाकलंय. नवरात्रापासून एकदाही वाजलेलं नाही."

"मग वाजतंय काय?"

"तिने खोलीतला कुठलातरी आवाज उचललाय. रोज संध्याकाळी, मावशी निजल्यावर थोड्या वेळाने तो यायचा, आणि तो आला की जबडा सैल पडायचा. तिने बरोबर हेरलं. आता गरज पडेल तेव्हा तोच वापरते. ऐका."

यंत्रातून आधी नुसती खरखर आली. मग दोन कोरडे आवाज, लागोपाठ. थप. थप. मग जरा थांबून आणखी एक.

"कसला आवाज हा? कपडे धुतात का कुणी?" बिराजदारांनी विचारलं.

मितालीने तो ओळखला. ती संध्याकाळचा दवाखाना आटोपून घरी पोचायची तेव्हा, झोप लागू लागल्यापासून दिवेलागणीलाच निजणारी सुगंधा पट्टी घालून आडवी झालेली असायची. झोपेतच विचारायची, इलंस? आणि त्याआधी मिताली पायरीवर चपला आपटायची, नसलेली रेव झाडायला. तिने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि ती बराच वेळ रडली. बिराजदारांनी दार लोटून घेतलं आणि बाहेरच्यांना सांगितलं, आत जरा काम चाललंय.

घरी आली तेव्हा सुगंधा पाटी समोर घेऊन बसली होती. पाटीत मसाल्याचा डबा होता, सुकटीची पिशवी होती, आमसुलांची बरणी होती. वरून घालायला केळीची पानं धुऊन ठेवली होती.

"आये, तुका एक सांगूचा आसा."

"वाशीमचा मां? डाक्तरान कवाच सांगल्यान."

बिराजदारांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मितालीला माहीत असायला हवं होतं. "कवा?"

"दसऱ्याक. मी म्हटलंय, तू सांगतलंस आज नायतर उद्या. पायरेर बसान वाट बघून कंटाळलंय. मगे म्हटलंय, सांग नायतर नको सांगू, आपण पाटी तरी भरून ठेवया."

"ही पाटी माका?"

"नायतर कोणाक? हंय काय बंदर आसा?"

मिताली तिच्याजवळ जमिनीवर बसली. "आये, तुज्या पट्टीत मी गजलक्ष्मीचा इंजान घातलंय. तुका सांगूक नाय."

सुगंधा सुकटीच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. "पयल्याच राती वळाखलंय. जल्मभर त्या आवाजार निजलंय मी, माका वळाखता येणा नाय? तू उन्हातान्हात जावन ता हाडलंस, म्हणान गप रवलंय." तिने गाठ आवळली. "बरा वाटला गो चार दिस. खरा सांगतंय."

"ता पट्टीन टाकल्यान, आये. आता थंय इंजान नाय."

मितालीने काय वाजतं ते सांगितलं. सुगंधाचे हात थांबले. ती पायरीकडे बघत राहिली, तिथे चपला आपटून आपटून सिमेंटचा एक टवका उडाला होता.

"म्हंजे माज्या दातांनी तेका माज्याआदी सोडल्यानी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते वाहू दिलं. वादळानंतर ती माणसांदेखत पहिल्यांदा रडत होती. मितालीने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मशेरीचा उग्र वास आला, आणि आज तो तिला सोसला.

"मी जाणंय नाय वाशीमाक," मिताली म्हणाली.

सुगंधाने डोकं उचललं. "कित्या?"

"तुका झोप कशी येतली?"

"आवाज आसा मां त्येच्यात? तो ऱ्हवांदे. तू जा."

"ती फसवणूकच नाय काय? मी नसतंय आणि दातांक सांगायचा, इली म्हणान."

"फसवणूक कसली?" सुगंधाने पदराने नाक पुसलं. "इंजान खोटा, कारण तो येवचो नाय. तू येतलंस मां?"

"येतलंय."

"मगे खोटा काय त्येच्यात?"

"तू चल माज्यावांगडा."

"नको गो बाय. एकदा उपाटलेला झाड आता खंय रुजला. परत उपाटू नको." आणि मग, आवाजात नेहमीची धार आणून, "थंय तरी पायरी फोडू नको. सरकारी असतली."

दिवाळी झाली आणि मिताली गेली. पाटी एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरने नाक मुरडलं, त्याला तिने चार शब्द सुनावले. वाशीमला कामाने तिला दुसरं काही सुचू दिलं नाही. तिथल्या वसाहतीतही पहिला महिना तिने लाटा पुसण्यातच घालवला. बिराजदार अधूनमधून आलेख पाठवत. जबडा सैल, रेषा आडव्या, आवाज तोच. थप, थप. मिताली तो आलेख बघायची आणि मनातल्या मनात दिवस मोजायची.

संक्रांतीच्या सुमारास सुटी मिळाली. तिने कुणालाच कळवलं नाही. एसटी फाट्यावर थांबली तेव्हा दिवे लागले होते. ती चालत वसाहतीत आली, आपल्या दाराशी थांबली आणि चपला काढून पायरीवर आपटल्या.

आतून पट्टी घातलेल्या तोंडाने अर्धवट शब्द आला. "इलंस?"

"इलंय."

कूस बदलल्याचा आवाज आला, आणि मग काही नाही.

सकाळी सुगंधाने बांगडे तळले आणि वाशीमच्या पाण्याने सून काळी पडल्याचं जाहीर केलं. खाऊन झाल्यावर मिताली पट्टीची डबी घेऊन केंद्रात गेली. बिराजदारांनी पट्टी यंत्रावर ठेवली, पडद्याकडे बघितलं, पट्टी उचलून पुसली आणि पुन्हा ठेवली.

"रोज रात्री आवाज वाजलाय. कधी चारदा, कधी सहादा. कालची रात्र मात्र कोरी आहे," ते म्हणाले. "जबडा एकदाही आवळला नाही, पट्टीने एकदाही काही वाजवलं नाही. बिघडली की काय?"

"नाही बिघडली," मिताली म्हणाली. "काल मी घरी आले होते."